दीड एमएमचा नाद

घरात स्टिरिओ येणार म्हटलं की अ‍ॅम्प्लिफायरवर चर्चा होते, स्पीकरवर वाद होतो आणि ते दोन स्पीकर कुठल्या कोपऱ्यात उभे राहणार यावरून घरातलं वातावरण तापलेलं राहतं. वायरचं नाव मात्र कोणी काढत नाही. खोकी घरी येतात, फोडली जातात, थर्माकोलचे दाणे पंख्याच्या वाऱ्यावर पार देव्हाऱ्यापर्यंत पोचतात आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं की अ‍ॅम्प्लिफायर इथे, स्पीकर तिथे, पण दोघांची अजून गाठच पडलेली नाही.

काही दुकानदार मोठ्या मनाने खोक्यात वायरचं एक भेंडोळं फुकट टाकतात. एक बाजू लाल, एक काळी, आणि आतलं तांबं इतकं बारीक की सोलायला पक्कड लागत नाही, नख पुरतं. बहुतेक घरांतलं गाणं या भेंडोळ्यावरच सुरू होतं, त्यावरच वर्षानुवर्षं चालतं, आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही. पण घरात एखादा जरी असा माणूस असला की ज्याला ऐकता ऐकता मधूनच ‘हे रेकॉर्डिंगच असं आहे, की आपल्याकडेच असं वाजतंय?’ अशी शंका येते, तर ती शंका फिरत फिरत शेवटी वायरवर येऊन बसते. साहजिकच आहे. स्पीकर बदलायचे म्हणजे घरात विषय काढावा लागतो. वायर मीटरवर मिळते. संशय घ्यायला तीच परवडते.

वायर घ्यायची आहे, एवढं चारचौघांत बोलायचा अवकाश, सल्लागार उगवतात. आमचे एक ज्येष्ठ स्नेही आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. आम्ही आपसात त्यांना कानसेन म्हणतो. त्यांच्या दिवाणखान्यात अंगठ्याएवढी जाड, जाळीदार कापडात गुंडाळलेली केबल आहे आणि ती जमिनीला टेकू नये म्हणून दर दोन हातांवर लाकडाचा एक छोटा ठोकळा आहे. फरशीच्या संगतीने केबलमधला आवाज मंदावतो, असं त्यांचं म्हणणं. अशा ठोकळ्यांचा परदेशात रीतसर धंदा आहे. चिनी मातीचेही मिळतात. वहिनींनी मात्र एका वाक्यात त्याचं वर्णन केलं होतं : “आमच्याकडे देव जमिनीवर आणि वायर पाटावर.”

दुसऱ्या टोकाला माझा भाचा. इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्याला विचारलं तर मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, “तांब्याची घे, पुरेशी जाड घे, आणि विषय संपव, मामा.”

“पुरेशी म्हणजे किती?”

इथे त्याने मान वर केली. इंजिनिअरला ‘किती’ विचारलं की तो माणसात येतो. समोर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका पडली होती, तिच्या पाकिटाच्या पाठीवर त्याने गणित मांडलं. १ चौरस मिलिमीटर छेदाची, १ मीटर लांब तांब्याची तार घेतली तर तिचा रोध साधारण ०.०१७ ओहम. वीज स्पीकरपर्यंत जाते तशी परतही येते, त्यामुळे ५ मीटरवरच्या स्पीकरला तांबं लागतं १० मीटर. बाजारात जिला दीड एमएमची म्हणतात, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, ती वायर घेतली तर सगळा मिळून रोध ०.१२ ओहमच्या आत. स्पीकर ८ ओहमचा. म्हणजे वायर खाते ती दीड टक्क्याच्या आसपास, आणि आवाजात पडणारा फरक एका डेसिबलचा जेमतेम आठवा हिस्सा. एक डेसिबलचा फरकही गाणं चालू असताना मुद्दाम लक्ष दिलं तरच कळतो. वायरचा रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा या धंद्यातला जुना अंगठ्याचा नियम. त्या हिशेबाने ८ ओहमच्या स्पीकरला १ एमएमची वायर ११ मीटरपर्यंत पुरते, दीडची १७ मीटरपर्यंत. स्पीकर ४ ओहमचा असला तर ही अंतरं निम्मी करायची. आमचा हॉल दहा बाय पंधरा फुटांचा. त्यात १७ मीटर वायर टाकायची तर ती शेजाऱ्यांच्या हॉलमधून फिरवून आणावी लागेल.

आणि ते फुकटचं भेंडोळं? ते ०.२ एमएमचं धरलं तर त्याच ५ मीटरला रोध होतो ०.८६ ओहम. दहा टक्क्यांच्या वर. इथे जवळजवळ एक डेसिबल जातो, आणि जातो तोही सगळीकडून सारखा नाही. स्पीकरवर छापलेले ८ ओहम हे नावापुरते असतात. खर्जात कुठेतरी त्याचा रोध वीस-तीस ओहमपर्यंत चढतो, मधल्या पट्टीत सहा-पाचपर्यंत उतरतो. जिथे तो उतरतो तिथे बारीक वायर जास्त खाते. म्हणजे बारीक वायर आवाज नुसता कमी करत नाही, थोडा वाकडाही करते. माझा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता, एवढं पाकिटावर सिद्ध झालं. पाकीट मी जपून ठेवलं. पत्रिका कुठे गेली, लग्न कुणाचं होतं, ते विचारू नका.

पुण्यात असल्या वस्तूंसाठी जायचं ते बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत. मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जातात. त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव देऊन कैक वर्षं झाली, पण त्या नावाने विचारलं तर तिथला वायरवाला आधी तुमच्याकडे बघतो, मग शेजारच्या दुकानाकडे. तपकीर गल्लीत तपकीर मिळवायला कष्ट पडतील. वायर, पिन, सॉकेट, रिमोट आणि कुठल्याही बंद पडलेल्या वस्तूचं काळीज मात्र हमखास मिळतं.

दुकानात गेल्यावर पहिली अडचण मापाची. पाकिटावरचं माप एमएममध्ये, दुकानदाराचं गेजमध्ये. “चाळीस-छत्तीस देऊ का?” तो म्हणतो. याचा अर्थ ३६ गेजच्या चाळीस तारा एकत्र. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, आणि ३६ गेजची तार ०.१९ मिलिमीटर व्यासाची असते. चाळीस जणी मिळून १ एमएमच्या थोडं वर जातात. ‘तेवीस-छत्तीस’ म्हणजे पाऊण एमएमलाही थोडी कमी. जुने वायरमन घराच्या वायरिंगला ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ म्हणायचे, तीच ही बोली. त्यातून न्यू जर्सीचा चुलतभाऊ फोनवर बजावून सांगतो, “सोळा गेजच घे हं.” त्याचं सोळा अमेरिकन, १.३ एमएमचं. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश गेजात सोळा म्हणजे २ एमएमच्या वर. सोळा तेच, तांबं दीडपटीहून जास्त. शेवटी सगळ्यांना एमएमवर आणावं लागतं.

दुसरी अडचण तांब्याची.

“कॉपर आहे ना?” मी विचारलं.

“कॉपरच की साहेब. बघा ना रंग.”

मी बघितलं. रंग तांब्याचाच होता, थोडा जास्तच तांब्याचा. भाच्याने पढवून पाठवलं होतं, म्हणून म्हटलं, जरा ब्लेड द्या. दुकानदाराने काउंटरच्या खणातून ब्लेड काढून दिलं, चेहऱ्यावर ‘हा त्यातला दिसतोय’ असा भाव. टोकाचं प्लास्टिक सोललं, एक तार वेगळी काढली, काउंटरच्या काचेवर आडवी धरून ब्लेडने हलक्या हाताने खरवडली. दोन-तीनदा ब्लेड फिरल्यावर तांब्याखालून पांढरं चकचकीत अ‍ॅल्युमिनिअम डोकं वर काढू लागलं.

“हे काय?”

“कॉपर आहे साहेब,” तो जराही न डगमगता म्हणाला, “वरून.”

अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा पातळ थर दिलेली ही वायर बाजारात सर्रास असते. हातात बंडल घेतलं की ते भलतंच हलकं लागतं, ही तिची दुसरी खूण. तिच्यातून वीज वाहत नाही असं नाही. निखळ तांब्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास वाहते. एक माप जाड घेतली तर काम भागतं. पण तांबं म्हणून तांब्याच्या भावात घ्यायची नाही, आणि तिच्या बारीक तारा दोन-चारदा वाकवल्या की तुटतात. दुकानदाराचं मत अर्थातच वेगळं होतं. “स्पीकरला कशाला हवंय हो प्युअर कॉपर? स्पीकर म्हणजे काय गीझर आहे?”

हे वाक्य मला आवडलं. घरी येईपर्यंत डोक्यात घोळत राहिलं, कारण ते दिसतं तितकं साधं नाही. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो, म्हणजे त्याचा रोध साधारण २६ ओहम. स्पीकरचा आठ, नाहीतर चारच. पन्नास वॅटचा दणका दिला तरी ८ ओहमच्या स्पीकरवर २० व्होल्टच असतात आणि प्रवाह अडीच अँपिअर. घरात नेहमीच्या आवाजात ऐकताना तर एखाद-दुसऱ्या वॅटवर काम चालतं, व्होल्ट तीनच्या आसपास. विजेच्या बळाने बघितलं तर गीझर पैलवान आणि स्पीकर किरकोळ. पण वायरच्या रोधाची झळ टक्क्यांनी मोजायची तर ती स्पीकरला तिप्पट लागते. गीझरच्या वायरीत काही व्होल्ट हरवले तर पाणी दोन मिनिटं उशिरा तापेल, आणि आंघोळ करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

यातूनच लहानपणच्या एका कोड्याचं उत्तर मिळालं. गावच्या जत्रेत चिंचेच्या झाडावर, देवळाच्या शिखरावर, शाळेच्या कौलांवर कर्णे बांधलेले असत. अ‍ॅम्प्लिफायर देवळाच्या ओवरीत, आणि तिथून या झाडावरून त्या झाडावर लोंबत गेलेली साधी पिळाची वायर, कुठे काथ्याने बांधलेली, कुठे नुसतीच फांदीवर टाकलेली. ओढ्यापलीकडच्या शेवटच्या कर्ण्यातूनसुद्धा ‘हरवले आहे’ची पुकार खणखणीत यायची. इतक्या लांब, इतक्या बारीक वायरीतून आवाज पोचायचा कसा? तर त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. तो व्होल्टेज वाढवून लाइनीवर शंभरापर्यंत सोडतो, आणि प्रत्येक कर्ण्यापाशी दुसरा छोटा ट्रान्सफॉर्मर ते पुन्हा उतरवतो. पन्नास वॅट २० व्होल्टवर न्यायचे तर अडीच अँपिअर लागतात, शंभर व्होल्टवर अर्धा. प्रवाह पाचपट कमी झाला की वायरीत उष्णता होऊन वाया जाणारी वीज पंचवीसपट कमी होते. कोयनेची वीज उंच मनोऱ्यांवरून लाखो व्होल्टवर नेतात, त्यामागे हेच गणित आहे. जत्रेतला लाउडस्पीकरवाला पोरगा ते शाळेत शिकला असेल-नसेल, पण बारीक वायर कुठे चालते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरच्या स्टिरिओला मधे असा ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणून दहा फुटांसाठी आपल्याला जाड वायर लागते आणि त्याला अर्ध्या कोसासाठी बारीक पुरते.

यापुढे वायरच्या बाजारात जे आहे ते श्रद्धेच्या प्रांतात येतं. ‘ऑक्सिजन-फ्री’ तांबं घ्या. घ्यावं, वाईट काही नाही. पण विजेच्या तारांसाठी जे नेहमीचं शुद्ध तांबं वापरतात, त्याच्यापेक्षा ते वीज वाहून नेण्यात फार तर एका टक्क्याने सरस. एक टक्का हवा असेल तर वायर पाच सेंटिमीटरनी आखूड कापली तरी मिळतो. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी पुढे. सोनं तर तांब्याच्या मागे आहे, तरी टोकाच्या पिनांना सोन्याचा मुलामा देतात, कारण सोन्याला गंज नाही की कळकणं नाही. मुंबईच्या, कोकणाच्या खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं, तिथे या मुलाम्याला अर्थ आहे. त्याहून स्वस्त आणि आपल्या ओळखीचा उपाय म्हणजे कल्हई. तांब्याच्या तारांवर कथलाचा हात दिलेली वायर बोटींवर वापरतात. आपल्याकडे स्पीकरच्या पारदर्शक वायरीतही पुष्कळदा एक पदर तांबूस आणि एक कल्हईचा पांढरा असतो. तो टिकण्यासाठी कमी आणि कुठला पदर कुठला हे कळावं यासाठी जास्त.

कानसेनांना हे पटत नाही. “अहो, तंबोऱ्याच्या तारा बदलल्या की आवाज बदलतो, मग इथे का नाही बदलणार?” असा त्यांचा बिनतोड सवाल असतो. तंबोऱ्याबद्दल ते अधिकाराने बोलतात, कारण मिरजेहून त्यांनी स्वतः तंबोरा आणलेला आहे. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. जोडीच्या पोलादी तारा, खर्जाची पितळी, घोडीवर जवारीचा दोरा सरकवत सरकवत आवाज खुलवायचा, यात तारेची जाडी केसभर बदलली तरी कान टवकारतात हे खरंच. पण भाच्याने त्यांना फार नम्रपणे सांगितलं, “काका, तंबोऱ्याची तार स्वतः गाते. हिला नुसतं पोचवायचंय.” त्यावर कानसेन क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पोचवणाराही सुरात हवा.” अशा वाक्यांना उत्तर नसतं.

माझं मत विचाराल तर वायर लग्नातल्या मध्यस्थासारखी असावी : दोन्ही घरांना एकमेकांपर्यंत नेऊन सोडावं आणि पंगतीत कोणाला आठवूही नये. कानसेनांचा मध्यस्थ आहेर मागतो.

आणि हा आहेर किती असावा याला मर्यादा नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतसुद्धा लोक टेबललॅम्पची साधी जुळी वायर स्पीकरला लावून सुखात होते. मग नोएल ली नावाच्या एका इंजिनिअरने ‘मॉन्स्टर केबल’ काढली आणि वायर ही वेगळी, नाव असलेली, पेटीत घालून विकायची वस्तू झाली. १९८३ साली ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने ऐकणाऱ्यांना कुठली वायर लावली आहे ते न सांगता चाचणी घेतली. २४ गेजची बारीक वायर ओळखू आली, कारण तिच्यातून आवाज कमी येत होता. पण जाड महाग केबल आणि १६ गेजची लॅम्पची वायर, यांत गाणं चालू असताना फरक सांगणं जमलं नाही. पुढे २००७ मध्ये जादूगार जेम्स रँडी याने आव्हान दिलं : बारा फुटांच्या जोडीला ७,२५० डॉलर पडणारी केबल आणि नेहमीची चांगली केबल यांतला फरक नुसत्या कानाने ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. तेव्हाच्या भावाने ती केबल पावणेतीन-तीन लाख रुपयांची. एका नामांकित समीक्षकाने विडा उचलला, पण केबलवाल्यांनी माघार घेतली आणि प्रत्यक्ष चाचणी झालीच नाही. दोन्ही बाजूंचे भक्त तेव्हापासून आपापला विजय साजरा करत आहेत.

काही केबलींवर बाण छापलेले असतात : वीज इकडून तिकडे. गाण्याची वीज सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट धावते, ती बाण वाचत बसत नाही. दोन्ही स्पीकरच्या वायरी तंतोतंत एकाच लांबीच्या हव्यात, नाहीतर एका कानाला गाणं आधी पोचतं, हाही एक लाडका समज. वायरीतून वीज सेकंदाला वीस कोटी मीटरच्या घरात धावते. एका बाजूची वायर मीटरभर जास्त असली तर जो उशीर होतो, तेवढ्या वेळात आवाज हवेतून केसाच्या जाडीच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकं अंतर कापतो. ऐकणाऱ्याने चहाचा कप उचलायला मान हलवली की त्याच्या हजारोपट घोळ होऊन जातो.

खरी परीक्षा घेतं ते घर. ओहम, गेज, टक्के यांचा निकाल पाकिटाच्या पाठीवर लागतो. वायर कुठून न्यायची याचा लागत नाही. कागदावर अ‍ॅम्प्लिफायर ते डावा स्पीकर हे अंतर सात फूट. पण वायर हवेतून जात नाही. ती कपाटामागून खाली उतरते, स्कर्टिंगच्या कडेने जाते, गॅलरीच्या सरकत्या दारापाशी अडखळते, दाराच्या चौकटीवरून चढून पलीकडे उतरते, आईच्या दिवाणाखालून सरपटते आणि कोपऱ्यात पोचेपर्यंत सातचे एकोणीस होतात. दिवाणाखालून नेण्यावर आईची हरकत होती. तिथे लोणच्याची बरणी, सोवळ्याचं पातेलं आणि जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा असतो, आणि त्यांच्या शेजारून ‘करंट’ जाणं तिला मान्य नव्हतं. तीन व्होल्टचा करंट आहे, बॅटरीच्या दोन सेलइतकाच, असं सांगितल्यावर ती म्हणाली, “मग इतक्या जाड वायरीचं काय काम?” भाच्याचं अख्खं पाकीट या प्रश्नापुढे फिकं पडलं.

बायकोचा निकष एकच होता : दिसता कामा नये. पारदर्शक वायर भिंतीवर दिसत नाही हे खरं, पण काही वर्षांत तिच्यातलं तांबं आणि प्लास्टिक यांचं काहीतरी बिनसतं आणि ती हिरवी पडते. पांढऱ्या भिंतीवर हिरवी शीर उमटली की पाहुणेही विचारतात. लाल-काळी तर बघायलाच नको. पट्टीत घालावी तर सुतार की वायरमन, कोणाला बोलवायचं यावर अडतं. शिवाय रोजचा झाडू. झाडू हा स्पीकरच्या वायरीचा सगळ्यात मोठा शत्रू. तो तिला रोज एक बोट पुढे ओढतो, आणि महिन्याभराने डावा स्पीकर मुका होतो. त्यानंतर उंदीर. त्यांना ऑक्सिजन-फ्री आणि साध्यातला भेद नाही.

म्हणून शेवटी मी घेतली ती दोन कोअरची, दीड एमएमची, वरून गोल पांढरं आवरण असलेली केबल. साध्या दोन पिनांच्या एक्स्टेन्शनला लावतात तीच. तिच्यावर आयएस ६९४ आणि ११०० व्होल्ट असं छापलेलं असतं. माझ्या तीन व्होल्टला जन्मात कमी पडणार नाही. आवरण दुहेरी असल्यामुळे झाडूला पुरून उरते, आत एक पदर लाल, एक काळा, रंग भिंतीशी मिळता. कानसेनांना ती दाखवली तेव्हा त्यांनी ती बोटांनी दाबून बघितली, परत ठेवली आणि हवापाण्याचा विषय काढला.

जोडणं हे मात्र ज्याचं त्याने करावं. वरचं आवरण ब्लेडने गोल चिरायचं, पण जोर इतकाच की आतल्या लाल-काळ्याला ओरखडा पडू नये. मग प्रत्येक पदराचं टोक बोटाच्या पेराच्या निम्म्याने सोलायचं. आत तांब्याच्या पंचवीस-तीस बारीक तारा सुटतात आणि लगेच पसरतात. त्यांना अंगठा आणि तर्जनी यांत धरून एकाच दिशेने पीळ द्यायचा, घट्ट. एकही तार बाहेर राहता कामा नये, कारण ती एकटी तार शेजारच्या खुंटीला टेकली की अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो. सगळ्या वायरशास्त्रात खरी भीती बाळगावी अशी ही एकच गोष्ट. मग खुंटीचं भोक, त्यात पिळलेलं टोक, वरून बोंडी आवळायची, आणि वायर हळूच ओढून बघायची. हे सगळं कपाटामागे, एका हातात मोबाइलची बॅटरी धरून आणि बाहेरून “झालं का?” विचारणाऱ्यांना उत्तरं देत.

लाल लालला आणि काळी काळीला. एका स्पीकरला उलट जोडलं तर काही जळत नाही, पण एक स्पीकर हवा ढकलतो त्याच क्षणी दुसरा ओढतो आणि तबल्यातला डग्गा कुठे गेला ते कळत नाही. दोन स्पीकरच्या मधोमध बसलेला गायक उठून जातो. आवाज येतो, पण कुठून येतो ते सांगता येत नाही. रंगांचा भरवसा नसेल तर अ‍ॅम्प्लिफायरकडची टोकं सोडवायची आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा, लाल धन टोकाला, काळी ऋणाला. स्पीकरची जाळी काढलेली असली तर मोठा पडदा ‘टुप’ करून पुढे आलेला दिसतो. मागे गेला तर कुठेतरी अदलाबदल आहे. दोन्ही एकाच बाजूला हलले की झालं. हे करताना आईला बोलावलं होतं. पडदा पुढे येताना बघून ती खूश झाली आणि म्हणाली, आणखी एकदा कर.

केबल जास्तीची आणली होती, आणावीच लागते. उरलेली बरेच दिवस माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात होती. दिवाळीला आकाशकंदील बाहेर काढला तर त्याची वायर उंदरांनी खाल्लेली. बायकोने न विचारता डबा खाली घेतला, वायरमनने होल्डरला नवी वायर जोडून दिली, गॅलरीत कंदील लागला. फराळाला कानसेन आले. गॅलरीत उभे राहून चकली खाता खाता बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, “उजेड कसा स्वच्छ पडलाय हो. काही बदललंत का?”

“वायर,” बायको म्हणाली.

“तरीच,” कानसेन म्हणाले.